उसाच्या गाडीला नंबर आहे, पार्सलला का नाही?

पुण्याहून निघालेलं बेअरिंग एका रात्रीत आपल्या साखर कारखान्याच्या गेटवर पोचतं. गेटपासून मिलपर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर कापायला मात्र त्याला दुसरा दिवस उजाडतो. पटत नसेल तर हंगामात कुठल्याही फिटरला चहा पाजून विचारा.

मंडळी, सातारा-सांगली हा साखरेचा पट्टा. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, आणि आता खासगी कारखानेही आले. आज कुणा एकाला झोडपायचं नाही, म्हणून पुढच्या प्रसंगात नाव घेत नाही. दुखणं बऱ्याच मोठ्या आवारांचं आहे.

गेल्या हंगामात बातमीसाठी एका कारखान्यावर गेलो होतो. पंप बंद. पंपाचा सील कुरिअरने सकाळीच आलेला, गेटच्या खोलीत खुर्चीखाली पडलेला. गेटवाला म्हणतो, स्टोअरला कळवलंय. स्टोअर म्हणतं, आवक नोंद झाल्याशिवाय हात लावता येत नाही. फिटर म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही. तिघेही खरं बोलत होते. तीच तर गंमत आहे.

साहेबांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, “पोरं कामचुकार आहेत.” साहेब, ती पोरं कंत्राटी आहेत. एक खोका घेऊन बॉयलरला पायी जायचं, परत यायचं, मग दुसरा घेऊन लॅबला, मग शेतकी ऑफिसला, मग डिस्टिलरीला. कुणाचं आधी न्यायचं? ज्याचा फोनवर आवाज मोठा त्याचं! आणि हे सगळं दोन-दोन ट्रेलर लावलेल्या ट्रॅक्टरांच्या मधून, रात्रीच्या अंधारात, पायाखाली पाचट आणि चिखल. उद्या एखादा पोरगा चाकाखाली गेला तर अहवालात लिहाल, “स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.”

याच आवारात उसाची गाडी कशी फिरते बघा. नंबर लागतो, काट्यावर वजन, गव्हाणीत खाली, रिकाम्या गाडीचं वजन, बाहेर. चौथी न शिकलेला बैलगाडीवानसुद्धा सांगतो आपला नंबर कितवा आहे ते. म्हणजे शिस्त लावता येते. पार्सलला ती लावावी असं कुणाला वाटलंच नाही, एवढंच.

श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने देशाला पिनकोड दिला, 15 ऑगस्ट 1972 पासून तो सुरू झाला. सहा आकड्यांवर काश्मीरचं पत्र कराडला येतं. पण पिनकोड गेटपाशी संपतो. आतला पत्ता कारखान्यानेच द्यायचा असतो.

यासाठी लाखोंचं सॉफ्टवेअर घेऊ नका. आधी रंगाचा डबा घ्या. प्रत्येक विभागाच्या भिंतीवर मोठा नंबर रंगवा, ऑर्डर देतानाच तो नंबर पार्सलच्या पत्त्यात घाला. प्रत्येक पाळीत फेऱ्यांच्या वेळा ठरवा. दुधाची गाडी गावोगाव ठरल्या वेळेला येते, कॅन घेते, रिकामा कॅन ठेवते. मोठ्या कारखान्यांत याच पद्धतीला ‘मिल्क रन’ म्हणतात. आपल्याकडे गल्लीतल्या पोराला ती पाठ आहे! एक बॅटरीवरची गाडी, उसाच्या गाड्यांना आडवा न जाणारा एकेरी रस्ता, जाताना पार्सल, येताना दुरुस्तीला जाणारं सामान. मशीन अडलेलं असेल तर लाल चिठ्ठी लावून माल गेटवरून थेट मशीनपाशी न्या, स्टोअरवाल्याने तिथे येऊन नोंद करावी. आणि वहीत तीन वेळा लिहा: गेटवर कधी आलं, निघालं कधी, हातात कधी पडलं.

कुणी म्हणेल, खोक्यांचं काय एवढं घेऊन बसलास? हिशोब करा. दिवसाला 5000 टन गाळणारा कारखाना एक तास थांबला तर 200 टनांवर ऊस यार्डात उभा राहतो. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. वजन शेतकऱ्याचं घटतं, ट्रॅक्टरवाल्याची खेप बुडते, तोडणी टोळीला फडात गाडीची वाट बघत बसावं लागतं. गेटच्या खोलीत बसलेल्याचा पगार मात्र एक रुपयाने कमी होत नाही. म्हणून तर हे वर्षानुवर्षं चालतं.

सहकारी कारखान्याच्या सभासदांनो, वार्षिक सभेत भाव, सत्कार, घोषणा होतच राहतील. यंदा माईक हातात आला की एवढंच विचारा: गेल्या हंगामात सुटा भाग गेटवर येऊनही मशीनपर्यंत न पोचल्यामुळे गाळप किती तास बंद होतं? आकडा नाही म्हणाले, तर खाली बसू नका. आकडा कधीपासून ठेवणार, हे त्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्या.