अल्पसंख्याकांचा हक्क की शाळावाल्यांची ढाल?

बंगळूर स्टेशनजवळच्या चिकपेटेत कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल, सोने-चांदी गाळणारा सांगलीकडचा गलाई कामगार आणि पार्सल ऑफिसातला कंत्राटी मजूर यांचा सवाल एकच आहे : चांगल्या खासगी शाळेत आमच्या पोराला जागा का नाही?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील पहिलीच्या २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी राखल्या. परंतु २०१४ साली प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून वगळले. २०१९ साली कर्नाटक सरकारने तर, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तेथे, बाकीच्या खासगी शाळांनाही मोकळे सोडले. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीच वाट धरली. ती मुंबई उच्च न्यायालयाने रोखली.

आम्ही घटनेच्या ३० व्या कलमाच्या विरोधात नाही. ते कलम धर्माइतकेच भाषेचेही रक्षण करते. बंगळुरात मराठी माणूस स्वतःच भाषिक अल्पसंख्याक आहे. अल्पसंख्याकांचे हक्कच मोडू पाहणाऱ्यांच्या मोर्चात आम्ही कदापि सामील होणार नाही.

पण हा हक्क समाजाचा आहे, संस्थाचालकाच्या तिजोरीचा नव्हे! राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो की, अल्पसंख्याक शाळांत ६२.५ टक्के मुले अल्पसंख्याक समाजांबाहेरची आहेत आणि दुर्बल घटकांतली जेमतेम ८.७६ टक्के. बाहेरचा फी भरणारा चालतो, मग बाहेरचा गरीबच धर्माच्या आड कसा येतो?

१९८६ साली दिल्लीच्या फ्रँक अँथनी शाळेतील कर्मचारी संघटनेने सर्वोच्च न्यायालयात लढा जिंकला. कायद्याने ठरलेला पगार देणे म्हणजे अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला नव्हे, हे तेथे सिद्ध झाले. जो न्याय पगाराला, तोच प्रवेशाला का नको?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कामगारांनी नुसती वाट पाहत बसू नये. आमची मागणी साधी आहे. प्रार्थना, सण, धर्मशिक्षण खुशाल ठेवा. मात्र पालकांच्या संमतीवाचून सक्ती नको, हे कलम २८ चे बंधन पाळा. २५ टक्के जागा हव्या तर आपल्याच समाजातल्या गरिबांना द्या, पण द्या! प्रत्येक शाखेने हा ठराव करून दोन्ही राज्य सरकारांकडे पाठवावा.