घरची भाषा, दारची भाषा

सोलापूरकराला ‘तुमची भाषा कोणती?’ म्हणून विचारावे, तर तो उलट विचारतो, ‘घरची की दारची?’ आमच्या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच नळावर पाणी भरतात. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला संक्रांतीत सारे गाव लोटते, त्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनेही कानडीतली!

पूर्व भागात शिरले की तेलुगू कानी पडते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग आणले, तशी भाषाही आणली. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. नवरात्राच्या दिवसांत बायका फुलांची उतरंड रचून ‘बतुकम्मा’भोवती फेर धरतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. ही गाणी पोथीतून शिकायची नसतात. ती आजीच्या तोंडून नातीच्या कानात जातात.

पण हल्ली पुष्कळ घरी आजी तेलुगूत विचारते आणि नात मराठीत उत्तर देते. तिला कळते सगळे, पण बोलता येत नाही. चारचौघांत आजी बोलू लागली की नातीला उगीचच ओशाळल्यासारखे होते. मग पुढच्या फेरात गाणे उचलायचे कोणी?

तेलुगूला तर शतकांची लिपी आहे, थोर वाङ्मय आहे. याउलट, आफ्रिकेच्या पूर्व टोकावरील सोमाली लोकांचे पाहा. अरबी, रोमन की त्यांच्याच माणसाने घडवलेली उस्मानिया, या लिपीच्या वादात त्यांच्या भाषेला सरकारी लिपी लाभली ती थेट १९७२ साली, आणि तीही रोमन. तोवर त्यांचे काव्य राहिले कुठे? माणसांच्या मुखात! उंटांच्या तांड्यांबरोबर कविता गावोगाव फिरत. भांडणे आणि समेटही पद्यात होत; कवीच्या शब्दाला मोठा मान असे.

तात्पर्य, लिपी भाषेचे घर खरे, पण त्यात दिवा लावायला बोलणारे माणूस लागते. घरी तेलुगू बोलल्याने मुलाची मराठी उणी होत नाही. दोन्ही भाषा चोख बोलणारी पिढी सोलापूरने पाहिली आहे.

तेव्हा यंदा फराळाची ताटे मांडून झाली की आजीला एक गाणे म्हणायला सांगा. लेकीला तेलुगू अक्षरे येत नसतील, तर तिने खुशाल देवनागरीत उतरवून घ्यावे. मात्र लिहून झाल्यावर वही मिटून ते एकदा म्हणून दाखवावे!