सोहळा जूनमध्ये व्हावा

दरसाल ३ डिसेंबरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली मुक्रर केलेल्या जागतिक दिव्यांग दिनी, गावोगावच्या शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, विशेष बालकांच्या क्रीडास्पर्धा होतात, चाकाच्या खुर्च्या आणि श्रवणयंत्रे वाटली जातात. आणि ज्या मुलाला एरवी ओसरीपलीकडचे जग क्वचितच लाभते त्याचे नाव त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या गावाच्या कानी पडते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. माझे म्हणणे आहे ते तिथीविषयी.

परशुराम घाटाच्या उत्तरेस, खेड तालुक्यातील लोटे आणि त्याच्या भोवतालच्या वाड्या यांचा विचार करा. डिसेंबरात येथली जांभ्याची पाखाडी कोरडी असते, वहाळ आटत आलेला असतो, आणि पाहुण्यांना शाळेची वाट मुळीच दुर्गम भासत नाही. परंतु मुलाचे शालेय वर्ष सुरू होते ते जूनच्या मध्यास, जेव्हा त्याच पाखाडीवर शेवाळ धरलेले असते आणि कुबड्या टेकणाऱ्या किंवा मंददृष्टी असलेल्या मुलाला आईच्या पाठीवाचून शाळा गाठणे अशक्य होते. पहिल्या महिन्यात जे मूल घरी राहिले त्याचे हजेरीपटावरील नाव पुढे नावापुरतेच उरते, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकास विचारावे.

शाळेच्या दारातील रॅम्पचीही तीच कथा. उंचीच्या बारापट लांबी हा त्याचा रूढ नियम. म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फुटांचा उतार हवा, शिवाय दोन्ही बाजूंस कठडा आणि पावसात पाय घसरणार नाही असा खरबरीत पृष्ठभाग. आखूड आणि गुळगुळीत रॅम्पवरून खुर्ची वर जात नाही. तो केवळ तपासणीच्या दप्तरी नोंदला जातो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा, त्याची इच्छा असल्यास, विशेष शाळेत मोफत शिकण्याचा अधिकार दिला. मंडणगड तालुक्यात घराडी येथे अंध मुलांसाठी निवासी विद्यालय आहे आणि असल्या संस्थांचे ऋण मोठे आहे; तथापि निवड ही निवड ठरण्यासाठी शेजारच्या शाळेचे दारही खरोखर उघडे असले पाहिजे, नाहीतर आईबापांनी लहानग्याला दूर धाडणे ही निव्वळ निरुपायाची गोष्ट होते.

द्रव्याची सबब लोटे येथे तरी चालू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे आहेत, त्यात विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावे असेही सांगितले आहे. रासायनिक कारखान्यांची एवढी मोठी वसाहत ज्यांनी शेजारी म्हणून सोसली, त्या वाड्यांतील मुलांचा या तरतुदीवर पहिला हक्क आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी असा शासनाचा हुकूम आहेच.

म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे, की येत्या मे महिन्यात विशेष शिक्षकास बरोबर घेऊन अशा प्रत्येक मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट त्यांनी स्वतः चालून पाहावी, कठडा, रॅम्प व शौचालय यांचे काम पावसापूर्वी उरकावे, वाहनाची तजवीज करावी, आणि दिव्यांग दिनाचा सारा उत्साह जूनच्या शाळा प्रवेशोत्सवात आणावा.