सर्वांत मोठी रात्र विश्रांतीची, पण कोणाच्या?

नेमकं काय होतं?
पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यानं २१ किंवा २२ डिसेंबरला आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. वढू बुद्रुकला त्या दिवशी सूर्य जेमतेम ११ तास दिसतो. रात्र १३ तासांची. भरदुपारीही तो सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो.

मग संक्रांत जानेवारीत का?
सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत याच सुमारास यायची. पृथ्वीच्या परांचन गतीमुळे ती सरकत १४-१५ जानेवारीवर आली.

विश्रांतीचा हक्क कोणाला?
'थांबा, झोपा, स्वतःकडे वळून पाहा' असे मेसेज या दिवशी फिरतात. सल्ला चांगलाच आहे. पण शिरूर तालुक्यात हाच गहू, हरभरा, कांदा भिजवायचा हंगाम. शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रपाळीत आली, की शेतकरी बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं दारं धरतो, तेही बिबट्याच्या वावरात.

दिवसा वीज देण्यासाठी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. प्रत्येक शिवारात ती पोहोचेपर्यंत या रात्री आत्मपरीक्षण सरकारनंही करावं. आपण निवांत झोपावंच. फक्त आपल्या ताटातल्या कांद्यासाठी कोण जागतंय, हे विसरू नये.