खरपुडी कुणी संपवली?

खरपुडीचा कंद लहानपणी उकरून खाल्ला नाही, असा माणूस आपल्या डोंगरात शोधून सापडायचा नाही. पावसाळ्यात गुरांमागं गेलेली पोरं झुडपावर चढलेली ती बारीक वेल हेरायची, काठीनं माती उकरायची, कंद पुसायचा अन् खायचा. आता पोरं हात हलवत परत येतात. वेलच दिसत नाही.

शहरातले अभ्यासक तिला सेरोपेजिया म्हणतात, कुणी कंदीलपुष्प. फूल खरंच कंदिलासारखं. नळीत केस खाली वळलेले, बारकी माशी शिरली की अडकते. केस सुकले की पराग घेऊन सुटते. या जातीतल्या काही वेली सह्याद्रीबाहेर जगात कुठंच नाहीत. त्या दुर्मिळ झाल्यात, हे खरं आहे.

पण लगेच पुढचं वाक्य येतं : आदिवासी कंद खणतात म्हणून संपल्या. मग डोंगर पोखरून रस्ते कुणी काढले? खाणीत सुरुंग कुणी लावले? उतारावर फार्महाऊसचे प्लॉट कुणी पाडले? जेसीबी एका दिवसात जेवढा उतार सोलतो, तेवढा आपली काठी सात पिढ्यांत उकरत नाही.

तरी आपणही आपल्याला विचारलं पाहिजे. पोटापुरतं खाणं वेगळं, बाहेरच्याला पिशवी भरून देणं वेगळं. शेंग वाळून फुटते तेव्हा रुईच्या म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडतं. त्याआधीच कंद काढला, तर पुढची वेल येणार कुठून?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं कंदमुळं गौण वनउपजात धरली आहेत. ती गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क आपला. पण त्याच कायद्याचं कलम ५ जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार हक्कदारांना अन् ग्रामसभेला देतं. हक्क घेतला, राखण सोडली, असं चालणार नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. बी उडेपर्यंत कंद काढायचा नाही. एका जागेच्या सगळ्या वेली काढायच्या नाहीत. खरपुडी बाहेर विकायची नाही. आणि जिथं ती उगवते त्या उतारावर खाण, प्लॉटिंग होऊ द्यायचं नाही. ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या, नक्कल कचेरीत देऊन पोच घ्या.

राखणदार म्हणून कागदावर आपलं नाव नसेल, तर उद्या याच वेलीच्या नावानं आपल्याला डोंगरातून उठवतील.