तोफा डागण्यापूर्वीचे अकरा महिने

१२ फेब्रुवारी १९३४ रोजी ऑस्ट्रियातील समाजवादी कामगारांनी हाती शस्त्र घेतले आणि चार दिवसांत त्यांचा उठाव चिरडला गेला. कामगारांच्या राहत्या घरांवर सरकारने तोफा डागल्या. समाजवादी चळवळ या लढ्याचे स्मरण हौतात्म्याची गाथा म्हणून करते, आणि ते योग्यच आहे. परंतु हुतात्म्यांना वंदन करून थांबणे म्हणजे त्यांच्या बलिदानाचा अर्धाच अर्थ स्वीकारणे होय. ही लढाई फेब्रुवारीत संपली. ती गमावली गेली होती त्याच्या अकरा महिने आधी, एकही गोळी न सुटता.

ही चळवळ दुबळी होती काय? मुळीच नव्हे. १९३० च्या निवडणुकीत १६५ पैकी ७२ जागा मिळवून समाजवादी पक्ष संसदेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. व्हिएन्ना शहरात १९१९ पासून त्याचीच सत्ता होती. ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ साली घरबांधणी कर बसविला. त्याचा भार श्रीमंतांच्या प्रासादांवर जबर आणि कामगाराच्या खोलीवर नाममात्र होता. त्यातून साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या 'कार्ल मार्क्स होफ'मध्ये १,३८२ घरे होती. शिवाय धुलाईगृहे, बालवाड्या आणि ग्रंथालय होते. पक्षाच्या रक्षणासाठी 'शुट्झबुंड' हे शिस्तबद्ध स्वयंसेवक दल होते. एवढे सामर्थ्य असताना पराभव का झाला, हा खरा प्रश्न आहे.

४ मार्च १९३३ रोजी, संपकरी रेल्वे कामगारांवरील कारवाईसंबंधीच्या मतदानावरून वाद होऊन संसदेच्या तिन्ही सभापतींनी एकामागून एक राजीनामे दिले. चॅन्सेलर डॉल्फुस यांनी या पेचाचा लाभ उठविला. संसदेने स्वतःच आपला अंत करून घेतला, असे जाहीर करून त्यांनी महायुद्धकाळातील, १९१७ च्या एका कायद्याच्या आधारे वटहुकमांचे राज्य सुरू केले. १५ मार्चला संसद पुन्हा भरविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो पोलिसांकरवी रोखण्यात आला. त्या दिवशी कामगार सार्वत्रिक संपाच्या आदेशाची वाट पाहत होते. आदेश आला नाही.

नेत्यांच्या मनातील अडचणी खोट्या नव्हत्या. बेकारीने कामगारवर्ग पोखरला होता, शेजारच्या जर्मनीत हिटलर नुकताच सत्तेवर आला होता, आणि यादवी युद्धाचे पाप आपल्या माथी येऊ नये अशी प्रामाणिक इच्छा होती. वाटाघाटीतून मार्ग निघेल, अशी त्यांना आशा होती. पण वाटाघाटीसाठी दुसऱ्या बाजूलाही गरज वाटावी लागते. डॉल्फुस यांना ती नव्हती. त्यांना मुसोलिनीचा पाठिंबा हवा होता, आणि त्याची किंमत समाजवाद्यांचा नायनाट ही होती.

मग एकेक घाव पडू लागला. मार्चअखेर शुट्झबुंडवर बंदी आली. संपाच्या हक्कावर निर्बंध आले. १ मे रोजी मिरवणुकीचे रस्ते सैनिक आणि काटेरी तारा यांनी अडविले गेले. घटनात्मक न्यायालय निकामी करण्यात आले. नोव्हेंबरात मृत्युदंड परत आला. या काळात पक्षाने चार मर्यादा ठरविल्या : पक्षावर बंदी, कामगार संघटनांचे विसर्जन, व्हिएन्ना नगरपालिकेचा कब्जा किंवा फॅसिस्ट राज्यघटना, यांपैकी काहीही घडल्यास कामगार उठेल. हेतू इशारा देण्याचा होता. प्रत्यक्षात त्यातून सरकारला, कोठवर निर्धास्तपणे पुढे सरकता येईल, याचा नकाशाच मिळाला!

फेब्रुवारीच्या आरंभी शुट्झबुंडचे प्रमुख पकडले गेले. शेवटी लिंत्स येथील रिशार्ड बेर्नाशेक यांनी, यापुढे शस्त्रझडतीस प्रतिकार करू, असे पक्षनेतृत्वास कळविले, आणि १२ तारखेस पोलीस दाराशी येताच तसे केले. व्हिएन्नातील वीज कामगारांनी वीज तोडून संपाचा इशारा दिला. पण आगगाड्या धावतच राहिल्या. ज्या रेल्वे कामगारांच्या प्रश्नावरून संसद बंद पडली होती, त्यांची उमेद वर्षभरातील कारवायांनी खचली होती. शस्त्रे कोठे लपविली आहेत हे ठाऊक असलेली माणसे तुरुंगात होती. प्रत्येक वस्ती एकटी लढली आणि एकटी पडली. दोन्ही बाजूंचे व वाटेत सापडलेले मिळून साडेतीनशेच्या आसपास लोक मृत्यू पावले. नऊ जणांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी कार्ल म्युनिखरायटर हे गंभीर जखमी होते. त्यांना स्ट्रेचरवरून वधस्तंभाकडे नेण्यात आले.

१५ मार्चलाच संप पुकारावयास हवा होता, हे पुढे पक्षाचे नेते ओटो बाउअर यांनी परागंदा अवस्थेत स्वतः लिहून मान्य केले. तो संप यशस्वी झालाच असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु तो संघटनेने पुकारलेला, देशभरचा, घटनेच्या रक्षणाचा संप झाला असता. फेब्रुवारीतील लढा हा कोंडीत सापडलेल्या शूरांचा लढा होता.

आणि डॉल्फुस यांनी तरी काय मिळविले? त्याच वर्षी जुलैत नाझींनी त्यांचा खून केला. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा आल्या, तेव्हा त्यांना लष्करी प्रतिकार झाला नाही. स्वातंत्र्यासाठी उभा राहू शकणारा कामगारवर्ग त्या राजवटीने आधीच मोडून टाकला होता.

कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. संघटनेचे बळ तिजोरीतील सोन्यासारखे कठीण प्रसंगासाठी साठवून ठेवता येत नाही. प्रत्येक माघारीबरोबर ते आटते. घटनेवरील पहिला घाव हा लहान दिसतो, कायद्याच्या भाषेत गुंडाळलेला असतो, आणि त्या दिवशी शांततामय संप पुरेसा ठरण्याची शक्यता असते. तो दिवस दवडला की उरते ती बंदूक, आणि बंदुका नेहमी सरकारकडेच अधिक असतात.