मोरींत ओतलें, तें कोठें गेलें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं औषधांचें कपाट आवरण्याचा प्रसंग आला. घरांतील एक वडील माणूस निवर्तलें होतें व त्यांच्या गोळ्या तशाच पडून राहिल्या होत्या. त्यांत थायरॉईडच्या गोळ्या होत्या, प्रेड्निसोलोनच्या होत्या, आणखीही कांहीं होत्या. मुदत टळलेलें औषध लहान मुलांच्या हातीं लागूं नये, अशा सद्हेतूनें आम्हीं तीं सर्व औषधें पाण्यांत विरघळवून मोरींत ओतलीं व वर दोन तांबे पाणी सोडलें. आपण एक जबाबदारीचें कृत्य केलें, असें त्या वेळीं आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत शरीरांतील ग्रंथींचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, शरीराबाहेर गेल्यावर हीं हॉर्मोनें मरतात का?” ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं, आणि आदल्या दिवसाचे ते दोन तांबे आठवून आम्ही मनांतल्या मनांत खजील झालों. उत्तर शोधतांना जें हातीं आलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हॉर्मोन, ज्यास मराठींत संप्रेरक म्हणतात, तें शरीरांत निरोप्याचें काम करितें. निरोप पोंचला म्हणजे यकृत त्यास दुसऱ्या द्रव्याशीं जखडून निष्क्रिय करितें व तें लघवीवाटे बाहेर पडतें. परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. आपल्या आंतड्यांत राहणारे जे सूक्ष्मजंतु मलाबरोबर गटारांत जातात, ते ही गांठ सोडवितात, कारण जखडलेल्या द्रव्यांतील साखरेसारखा अंश त्यांस हवा असतो. अशा रीतीनें निजलेला निरोप्या गटारांत पुन्हां जागा होतो.

पुढचें काम दुसऱ्या जंतूंचें. स्त्रियांच्या शरीरांत, आणि अल्प प्रमाणांत पुरुषांच्याही, जें एस्ट्रॅडिऑल नांवाचें संप्रेरक तयार होतें, त्याचें कित्येक जंतु त्वरित सौम्य रूपांतर करितात. कांहीं तर त्यावरच उपजीविका करितात. टोकियो शहराच्या सांडपाण्यांतून असा एक जंतु शास्त्रज्ञांनीं वेगळा काढला आहे. परंतु 1938 सालीं बर्लिन येथें एथिनिलएस्ट्रॅडिऑल हें कृत्रिम संप्रेरक तयार झालें. गोळीवाटे घेतलें असतां तें यकृतांत लवकर नष्ट होऊं नये, अशीच त्याची घडण आहे; आणि जी घडण त्यास यकृतापासून वांचविते, तीच बहुतांशीं जंतूंपासूनही वांचविते. अमोनियावर जगणारे कांहीं जंतु तें हळूहळू मोडतात खरे. पण त्यांस भरपूर हवा लागते, व वेळही लागतो. हवा नसलेल्या चिखलांत हें काम जवळजवळ थांबतें.

ह्याचा परिणाम काय होतो, हें कानडा देशांतील शास्त्रज्ञांनीं पाहिलें. ओंटॅरिओ प्रांतांतील एका लहान सरोवरांत 2001 ते 2003 ह्या तीन उन्हाळ्यांत त्यांनीं हें कृत्रिम संप्रेरक मुद्दाम मिसळलें. प्रमाण किती? दर लिटरास पांच ते सहा नॅनोग्रॅम; म्हणजे एक ग्रॅम द्रव्य सुमारें वीस कोटी लिटर पाण्यांत! तेवढ्यानें तेथील लहान माशांच्या नरांत अंड्यांतील प्रथिन तयार होऊं लागलें, आणि थोड्याच वर्षांत त्या जातीचे मासे जवळजवळ नाहींसे झाले. मात्र पाण्यांतील सूक्ष्मजंतु व शेवाळ ह्यांच्यावर थेट परिणाम फारसा दिसला नाहीं. हा मुद्दा विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. पाणी निर्मळ दिसतें, तळाशीं जंतूंचा संसार सुखानें चालला आहे, आणि वर मासे निर्वंश होत आहेत! संप्रेरक मिसळणें बंद केल्यावर कांहीं वर्षांनीं मासे पुन्हां वाढले, ही समाधानाची गोष्ट.

दुसरें उदाहरण आपल्या कोंकण किनाऱ्याचें आहे. जहाजांच्या तळास शिंपले चिकटूं नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन नांवाचें विष रंगांत मिसळीत असत. तें संप्रेरक नव्हे, पण संप्रेरकांच्या कारभारांत ढवळाढवळ करितें. त्यामुळें जगांतील अनेक बंदरांत समुद्री गोगलगायींच्या माद्यांस नराचीं इंद्रियें फुटूं लागलीं. गोव्याच्या किनाऱ्यावर, क्रोनिया कोंकणेन्सिस असें आपल्या प्रांताचें नांव धारण करणाऱ्या गोगलगायींतही, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांस हाच विकार आढळला. गोव्यांतीलच जहाजदुरुस्तीच्या धक्क्याजवळील पाण्यांत हें विष पचविणारे जंतुही संशोधकांस सांपडले. मग प्रश्न मिटला काय? मिटला नाहीं. जंतु आपलें काम करीत होते, तरी गोगलगाय भोगीतच होती. कारण विष घालणारा हात पचविणाऱ्या जंतूपेक्षां वेगवान होता. खरा उपाय झाला तो 2008 सालीं, जेव्हां असल्या रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदी अंमलांत आली.

आतां आपल्या भोईवाड्याकडे वळूं. परळच्या ह्या भागांत केईएम, टाटा, वाडिया हीं मोठीं रुग्णालयें आहेत; प्रजनन व तत्संबंधीं संप्रेरकें ह्यांविषयीं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही येथेंच आहे. म्हणून कोणी रुग्णालयांकडे बोट दाखवील, तर कोणी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांकडे. दोन्ही न्यायाचें नव्हे. सांडपाण्यांतील स्त्री-संप्रेरकांचा फार मोठा भाग मनुष्यमात्राच्या देहांतून व गुराढोरांपासून निसर्गतःच येतो. आजाऱ्यानें औषध घ्यावेंच, तो अपराध नव्हे. दोष आहे तो, “समुद्र मोठा आहे, सर्व पोटांत घालील,” ह्या आपल्या समजुतीचा. वरळी व वांद्रे येथें सांडपाणी नळांतून तीन-साडेतीन किलोमीटर आंत नेऊन समुद्रांत सोडण्याची योजना ह्याच समजुतीवर उभी राहिली. परंतु त्याच समुद्रावर वरळीच्या कोळी बांधवांचें पोट आहे, आणि त्याच समुद्राची मासळी आपल्या ताटांत येते.

19 जानेवारी 2023 रोजीं मुंबईंत सात नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण शक्ति दररोज सुमारें 246 कोटी लिटर ठरली आहे. कानडांतील सरोवराइतकें प्रमाण एवढ्या पाण्यांत होण्यास अवघे बारा ग्रॅम कृत्रिम संप्रेरक पुरेल, हें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. आमचें मत असें कीं, अशा केंद्रांवरील खर्च हा उधळपट्टीचा नव्हे. तेथें होतें काय, तर जंतूंस हवा, वेळ व निवारा मिळतो. म्हणजे त्यांच्याकडून जें काम आपण फुकट घेतों, त्याचीं साधनें त्यांस आपण देतों. मात्र केंद्रें उभीं राहिलीं म्हणून मोरी मोकाट सोडावी, असा अर्थ कोणी घेऊं नये. गोव्याच्या गोगलगायीचा धडा उगमाशींच हात आवरण्याचा आहे.

“आमचें पिण्याचें पाणी तर तानसा-भातसाहून येतें; आम्हांस भय कसलें?” असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, आणि घाबरण्याचें कारण नाहीं. पण पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेस मिळतें व उजनीच्या धरणांत जातें; त्याच धरणाचें पाणी सोलापूर पितें. आपल्या पुढें पाणी पिणारा कोणी नाहीं, हें मुंबईकराचें भाग्य आहे. तो कांहीं त्याचा गुण नव्हे.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, उरलेलीं औषधें मोरींत किंवा संडासांत टाकूं नयेत. 2016 सालच्या घनकचरा नियमांनीं मुदत टळलेल्या औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यांत केली. तेव्हां तीं ओल्या-सुक्या कचऱ्यांत न मिसळतां निराळीं बांधून द्यावीं. वैद्यानें सांगितलीं तेवढींच विकत घ्यावीं, म्हणजे उरण्याचा प्रश्नच येणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं घरांतील कपाट तपासून वडीलधाऱ्यांस ह्याची नम्रपणें आठवण द्यावी.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं नंतर वर्गांत दिलें: बाळ, कांहीं मरतात, कांहीं मरत नाहींत, आणि जीं मरतात, तीं मारणारे न दिसणारे चाकर आपल्या पायांखालीं रात्रंदिवस राबत असतात. त्यांस झेपेल एवढेंच ओझें त्यांच्या माथीं द्यावें. आम्हीं दोन तांबे पाण्यानें जें वाहवून दिलें, तें परत आणतां येत नाहीं. परंतु पुढच्या वेळीं हात आवरतां येतो, आणि तो आम्हीं आवरला आहे.